सोसायटीच्या ग्रुपवर टाकूनही ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’: उपाय पुन्हापुन्हा का फसतो

पुण्यात पाण्याच्या दुरुस्तीचा वार म्हणजे बहुतेक वेळा गुरुवार. महापालिकेचं पत्रक येतं आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे त्याचं शेवटचं वाक्य इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. सेक्रेटरी ते पत्रक मंगळवारीच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. तरी गुरुवारी सकाळी नऊला कुणीतरी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत वॉचमनला इंटरकॉम करतं, ‘मोटर का नाही लावली?’ दोन दिवसांपूर्वीच ग्रुपवर टाकलं होतं म्हणावं, तर उत्तर ठरलेलं: ‘ग्रुप म्यूट आहे हो. कोण बघतंय एवढं.’

आमची सोसायटी सिंहगड रस्त्याच्या बाजूची, चार विंगची. पण शेजारच्या सोसायट्यांतल्या समितीच्या लोकांशी बोललं की दुखणं तेच निघतं, आणि प्रत्येकाने केलेला इलाजही तोच असतो. एक कडक मेसेज टाकायचा, ‘कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीच्या कामाचेच मेसेज टाकावेत.’ त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागते. पंधरा दिवस शांतता. मग कुणाच्या तरी नातीला दहावीत चांगले मार्क पडतात, अभिनंदनाचे चाळीस मेसेज येतात, आणि गाडी पुन्हा मूळ पदावर.

ग्रुप बिघडलाय हे सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्त केलेला ग्रुप पुन्हा का बिघडतो, तो प्रश्न इथे घेतलाय.

आधी मोजून पाहा

कुठलाही नियम करण्याआधी फोन घेऊन बसा आणि ग्रुपवरचे शेवटचे शंभर मेसेज चाळा. एका कागदावर चार रकाने करा: सूचना, तक्रारी, मदत-चौकशी, आणि बाकी सगळं. ‘बाकी सगळं’ म्हणजे शुभ सकाळ, वाढदिवस, श्रद्धांजली, राजकारण, कुणीतरी पाठवलेला गुडघेदुखीचा काढा.

हे मोजताना बहुतेकांना धक्का बसतो तो फॉरवर्डच्या संख्येचा नव्हे, ते माहीतच असतं. धक्का बसतो तो सूचना किती थोड्या आहेत याचा. शंभरात पाच-सात निघाल्या तरी पुष्कळ. तक्रारी त्याहून बऱ्याच जास्त. आणि मदत-चौकशीचा रकाना आपल्या अंदाजापेक्षा भरलेला असतो: चांगला प्लंबर कोण, कुणाकडे ड्रिल मशीन आहे का, डी विंगच्या जिन्यात चष्मा सापडलाय, बाबांना ए पॉझिटिव्ह रक्त हवंय. ग्रुपमुळे सोसायटीचं खरं भलं होत असेल तर ते या रकान्यात.

आता हे चारही मेसेज कुणी वाचायला हवेत ते बघा. सूचना सगळ्यांनी वाचायला हवी, उत्तर कुणीच द्यायला नको. तक्रार एकाच माणसाने वाचली तरी चालते, पण त्याने उत्तर दिलंच पाहिजे. चौकशीला ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देईल, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी बिघडत नाही. आणि गप्पा ज्याला हव्या त्याने मारायच्या. ही चार वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकाच खिडकीवर लावली आहेत. मग माणूस त्रासून ती खिडकीच बंद करतो, म्हणजे म्यूट करतो, आणि गप्पांबरोबर पाण्याची सूचनाही बाहेर राहते.

नेहमीचे तीन इलाज

नियमांचा मेसेज टिकत नाही, कारण तो मोडणारा माणूस वाईट हेतूने मोडत नाही. आजोबांच्या दृष्टीने रोजचा फुलाचा फोटो हा शेजारधर्म असतो. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ती हजेरीही असते. अशा एखाद्या घरून रोज सकाळी सहाला येणारा फोटो दोन दिवस आला नाही तर कुणीतरी बेल वाजवून यावं, इतका तो उपयोगाचा आहे. त्यांना सगळ्यांसमोर ‘काका, हा ग्रुप कामाचा आहे’ असं सुनावून तुम्ही ग्रुप स्वच्छ करत नाही; एक शेजारी दुखावता, आणि काका तेच फोटो तुम्हाला खासगीत पाठवू लागतात.

दुसरा इलाज, माणसाला ग्रुपमधून काढणं. हा सोसायटीत कधीच करू नये. मित्रांच्या ग्रुपमधून काढलेला माणूस पुन्हा भेटला नाही तरी चालतं. इथे तो संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटतो, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ताळेबंदाच्या प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारतो. शिवाय तो मेंटेनन्स भरणारा सभासद आहे. सूचना मिळणं त्याचा हक्क आहे.

तिसरा इलाज सगळ्यात हुशार वाटतो आणि सगळ्यात जास्त फसतो: असलेला ग्रुपच ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ असा करून टाकायचा. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०१८ पासून आहे आणि दोन टिचक्यांत होते. पण ती केल्याच्या आठवड्यात दुसरा ग्रुप निघतो. नाव ‘आपली सोसायटी’, ‘रहिवासी मंच’ किंवा नुसतंच ‘बी विंग फ्रेंड्स’. त्यात समितीला घेतलेलं नसतं, आणि समिती नाही म्हटल्यावर चर्चेचा विषय समितीच असतो. टाकी साफ करणाऱ्याला किती पैसे दिले, रंगाचं कंत्राट कुणाच्या मेव्हण्याला गेलं, हे तिथे रंगतं आणि खुलासा करायला तिथे कुणी नसतं. प्लंबरचा नंबर विचारण्याची जागा गेली म्हणून लोक उठले, आणि समितीला वाटतं आपल्याविरुद्ध कट शिजलाय.

जुना ग्रुप गप्पांना द्या, नवा ग्रुप सूचनांना

इतकं केलंत तरी निम्मा प्रश्न सुटतो, कारण सवय जुन्या ग्रुपमध्ये राहते. आठ-नऊ वर्षं लोकांचा अंगठा त्याच चौकटीवर जातोय. दोन ग्रुप करायचे ठरले की समित्या हमखास उलटं करतात. जुना ‘अधिकृत’ ठेवतात, ‘गप्पाटप्पा’ नावाचा नवा काढतात आणि लोकांना तिकडे जा म्हणतात. कुणी जात नाही. नव्या ग्रुपमध्ये चार विनोद पडतात आणि तो थंड होतो. जुन्यात फुलं उमलतच राहतात.

म्हणून जुना ग्रुप आहे तसा राहू द्या. त्याचं नाव बदलून ‘अमुक सोसायटी – शेजारी’ असं काही ठेवा. तिथे सगळ्यांनी काहीही बोलावं. सूचनांसाठी कोरा करकरीत ग्रुप काढा, पहिल्या मिनिटापासून फक्त अ‍ॅडमिन बोलू शकतील असा. त्याला जुन्या सवयी चिकटलेल्याच नसतात, त्यामुळे मोडायचंही काही नसतं.

क्रम मात्र सांभाळा. ‘जुना ग्रुप चालूच राहणार आहे, कुणाचंही बोलणं बंद होणार नाही’ हे आधी सांगा, दोन दिवस जाऊ द्या, मग नवा काढा. उलटं झालं तर लोकांना तोंड दाबल्यासारखं वाटतं आणि वरचा तिसरा इलाज झाल्यासारखाच होतो.

नव्या ग्रुपचं चित्र जुन्यापेक्षा एकदम वेगळं ठेवा. आमच्याकडे लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरात ‘सूचना’ एवढंच आहे. इमारतीचा फोटो दोन्हीकडे ठेवला की चष्मा न लावलेल्या माणसाला फरक कळत नाही. प्रत्येक घरातले किमान दोन नंबर घ्या. एकच घेतला तर तो नेमका दिवसभर ऑफिसात असलेल्या माणसाचा असतो आणि नळ घरच्यांना उघडायचा असतो. काहींनी ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ यावर बंधन घातलेलं असतं, ते थेट जोडले जात नाहीत. त्यांना खासगीत आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते त्यांनी स्वीकारावं लागतं. ही मंडळी यादीतून गळतात आणि नंतर ‘मला घेतलंच नव्हतं’ म्हणतात. ते खरंही असतं.

आमंत्रणाची लिंक लिफ्टमध्ये चिकटवू नका. लिंक ज्याच्या हाती लागेल तो आत येतो, आणि इस्टेट एजंट सगळ्यात आधी येतात. लिंक वापरायचीच असेल तर नव्या सभासदाला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल अशी सोय चालू करा आणि काम झालं की लिंक रद्द करून टाका.

नवा ग्रुप नासवतं कोण? गप्पिष्ट सभासद तिथे बोलूच शकत नाहीत. नासवतात अध्यक्ष, दिवाळीच्या शुभेच्छांनी. एक शुभेच्छा आली की मग संक्रांत, मग महिला दिन, मग नगरसेवकांच्या वाढदिवसाचं पोस्टर. सूचनांच्या ग्रुपवर वर्षभर एकही शुभेच्छा नको, समितीचीसुद्धा नाही. त्यांनी त्या ‘शेजारी’ ग्रुपवर मनसोक्त द्याव्यात. फोन वाजला की काहीतरी कामाचं आहे हा विश्वास बसला तर कुणी म्यूट करत नाही. आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त सूचना जायला लागल्या तर त्यातल्या काही खरं तर फळ्यावरच्या आहेत असं समजा.

मोठा गृहप्रकल्प असेल, पाच-सहा इमारती आणि प्रत्येकीचा वेगळा ग्रुप, तर २०२२ च्या अखेरीस आलेली ‘कम्युनिटी’ची सोय बरी पडते. सगळे ग्रुप एका छत्राखाली येतात आणि घोषणांचा एक सामाईक ग्रुप आपोआप मिळतो. त्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, हा बायकांच्या दृष्टीने मोठाच फायदा. अनोळखी शेजाऱ्याचे ‘हाय’ कुणाला हवे असतात? लहान सोसायटीला मात्र साधा ग्रुप पुरतो. त्यात सूचना पाठवणाऱ्याने स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून धरून माहिती उघडली की कुणी वाचलं आणि कुणापर्यंत नुसतं पोचलं ते दिसतं. निळी खूण बंद ठेवणाऱ्यांचंही ग्रुपमध्ये दिसतंच. ज्या चार घरांत वाचलेलं नाही तिथे वॉचमनने जाऊन सांगायचं, विषय संपला.

ब्रॉडकास्ट लिस्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना सुटासुटा पाठवणाऱ्या यादीच्या, नादी लागू नका. एका यादीत २५६ नंबरच मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. तुम्हाला वाटतं सगळ्यांना गेला.

मेसेज कसा लिहायचा

हा भाग किरकोळ वाटतो, पण अर्ध्या फोनांचं मूळ इथे आहे. प्रत्यक्षात पडणारा मेसेज असा असतो:

‘सर्व सभासदांना नम्र विनंती, उद्या तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहणार असल्याने सर्वांनी सहकार्य करावे ही विनंती. हुकूमावरून.’

यात ‘उद्या’ म्हणजे कधी? मेसेज रात्री पावणेबाराला आला आणि माणसाने सकाळी वाचला तर त्याचा उद्या वेगळा. कुणी तो दोन दिवसांनी पुढे पाठवला तर आणखी वेगळा. किती वाजल्यापासून, कुठल्या विंगला, टँकर आहे का, काहीच नाही. मग प्रत्येक जण फोन करतो. त्याऐवजी:

‘पाणी बंद: गुरुवार १२ जून, सकाळी ८ ते रात्री ८. चारही विंग. वरची टाकी बुधवारी रात्री पूर्ण भरून ठेवू. ती दुपारपर्यंत पुरेल. टँकर दुपारी ४ च्या सुमारास. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा येईल. चौकशी: वॉचमन केबिन.’

पहिल्या दोन शब्दांत विषय, मग वार आणि तारीख दोन्ही, मग वेळ. फोनवर आलेल्या सूचनेची पहिली ओळच लोक वाचतात, त्यामुळे ‘सर्व सभासदांना नम्र विनंती’ तिथे वाया जाते. काम झाल्यावर त्याच मेसेजला उत्तर देऊन ‘पाणी सुरू झालं, शुक्रवार सकाळी ९.४०’ असं टाका, म्हणजे जुना मेसेज फिरत राहत नाही. पत्रकाचा फोटो हवा तर खाली जोडा, पण नुसता फोटो टाकू नका. नंतर शोधायला गेलं की फोटोतले शब्द सापडत नाहीत.

पावसाळ्यात तारखेचं महत्त्व जास्तच. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग वाढला आणि एकता नगरी भागात घरांत पाणी शिरलं, तेव्हापासून आमच्या पट्ट्यात ‘आज रात्री विसर्ग वाढणार’ असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. बहुतेक वेळा तो कुठल्या तरी मागच्या दिवसाचा असतो. तारीख आणि तास नसलेला विसर्गाचा आकडा सूचनांच्या ग्रुपवर जाऊच द्यायचा नाही, हे अ‍ॅडमिननी आपसात पक्कं करून ठेवावं.

ग्रुपमधला एखादा मेसेज वर पिन करता येतो, एका वेळी तीनपर्यंत, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी. ‘शेजारी’ ग्रुपवर वॉचमन, लिफ्टवाला आणि इलेक्ट्रिशियन यांचे नंबर पिन करून ठेवलेत तर रोजचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. दर महिन्याला पुन्हा करायला मात्र विसरू नका.

तक्रारी

लिफ्ट अडकली की पाच मिनिटांत सात जण ‘लिफ्ट बंद आहे’ टाकतात, त्यावर तीन जण ‘मागच्या महिन्यात पण’ म्हणतात, आणि लिफ्टवाल्याला फोन कुणीच केलेला नसतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल. तक्रारीला ग्रुप नकोच. एक नंबर आणि एक वही पुरते. सोसायटीचा वेगळा सिम असलेला फोन ऑफिसात किंवा केबिनमध्ये ठेवा, तक्रार त्यावर, आणि वहीत तारीख, फ्लॅट, काय झालं, कुणाला कळवलं. ग्रुपवर कुणी टाकलीच तर समितीतल्या एकाने एकच ओळ लिहायची: ‘वहीत घेतलं, मेकॅनिक ५ वाजता.’ या एका ओळीने पुढचे वीस मेसेज थांबतात. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं मायगेटसारखं अ‍ॅप असेल तर तक्रार त्यातच करायला सांगा. दोन ठिकाणी ठेवलं की कुठलीच पूर्ण राहत नाही.

थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. वसुली त्याने होत नाही. ज्याने अडचणीमुळे भरलेले नाहीत तो शरमतो, ज्याने मुद्दाम भरलेले नाहीत तो वकिलाची नोटीस पाठवतो. वसुलीचे कायदेशीर मार्ग आहेत, ते वापरा. घरकामाला येणाऱ्या बायकांचे ‘हिच्यापासून सावध’ असे फोटो आणि सीसीटीव्हीतली पोरांची चित्रफीतही त्याच पंक्तीतली. संशय खोटा ठरला तरी फोटो मागे घेता येत नाही, आणि त्या बाईची बाकीच्या पाच घरांतली कामं तोवर गेलेली असतात.

‘पोल घेतला की ठरलं’ असंही नाही. पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि एका घरातले चार नंबर चार मतं देतात. कोजागरीला मसाला दूध की भेळ, यासाठी पोल उत्तम. रंगकामाचं कंत्राट त्यावर ठरवू नका, ते सभेत आणि इतिवृत्तात. तसंच वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, तिला पूर्ण १४ दिवस द्यावे लागतात, आणि ती रीतसर पोचवून फलकावर लावावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण जरूर करा, पण उपनिबंधकांकडे तक्रार गेली तर हिरवा चौकोन दाखवून भागणार नाही.

जे ग्रुपवर नाहीत

इथे खरी गळती आहे. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा मालक ग्रुपमध्ये असतो आणि नळ भाडेकरूकडे कोरडा पडतो. मालक न्यू जर्सीत असेल तर त्याला सूचना मध्यरात्री मिळते. आणि तोच मालक आपल्या दुपारी, म्हणजे इकडच्या रात्री दीडला, जिन्याच्या टाईल्सच्या रंगावर सविस्तर मत मांडतो. मालकाला असू द्या, पण सूचनांच्या ग्रुपमध्ये भाडेकरूला घ्यायलाच हवं. ‘भाडेकरू सभासद नाही’ हा मुद्दा सभेतल्या मतदानापुरता. पाण्याला मतदान लागत नाही. भाडेकरार संपला की नंबर काढायचा, त्याची नोंद करार ठेवण्याच्या फायलीतच असावी.

स्मार्टफोन नसलेली, किंवा असून न बघणारी घरं प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांची नावं समितीला माहीत असायला हवीत. एका विंगमध्ये अशी दोन-तीनच निघतात. त्याच मजल्यावरच्या एखाद्याला ‘आजींना तू सांगशील का’ असं विचारून ठेवायचं. लिफ्टच्या आत डोळ्यांच्या उंचीवर एक पारदर्शक खिसा बसवा आणि प्रत्येक सूचना मोठ्या अक्षरात छापून त्यात सरकवा. खालच्या फलकावर पाच वर्षांपूर्वीचे कागद पिवळे पडलेले असतात, तिकडे कुणी बघत नाही. लिफ्टमध्ये मात्र माणूस वीस सेकंद उभा असतो आणि समोरच्या शेजाऱ्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नसतं. कागद वाचला जातो.

दुसरा ग्रुप आधीच निघालेला असेल तर

भांडू नका आणि बंदही पाडू नका, तो बंद पडत नाही. त्याच्या अ‍ॅडमिनला गाठून सरळ विचारा: सूचनांची प्रत तुमच्याकडेही टाकाल का? बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यांना तेवढा मान हवाच असतो. काही महिन्यांनी ‘शेजारी’ ग्रुप मोकळा आहे, तिथे समितीवर टीका केली तरी कुणी काढत नाही, हे लोकांना दिसलं की दुसऱ्या ग्रुपचं वारं आपोआप कमी होतं. तेवढी टीका समितीने सोसायची तयारी ठेवावी. उत्तर देताना आकडे द्या, बिलाची प्रत ऑफिसात बघायला या म्हणा, आणि रात्री दहानंतर उत्तरच देऊ नका. रात्री अकराला सुरू झालेला वाद मिटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

अ‍ॅडमिन व्हायला कुणी तयार होत नाही, ‘उद्या कुणी काही टाकलं तर पोलीस मला धरतील’ म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान उद्देश किंवा आधी ठरवलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. तरीही २०२२ पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, तेव्हा दिसलं की पुसावं, वाट बघू नये.

अफवा आणि एपीके

यात उशीर चालत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच ठिकाणांपुरतं मर्यादित केलं, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते. ‘आपल्या भागात टोळी फिरतेय’ छापाचा, दोन बाण असलेला मेसेज दिसला की चर्चा न करता पुसायचा आणि टाकणाऱ्याला फोन करायचा. खरंच कुणी संशयित दिसत असेल तर ११२. ग्रुपवर पोरं गोळा करायची नाहीत.

दुसरी गोष्ट नवी आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर फार सहज पसरते. ओळखीच्याच शेजाऱ्याच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाचं चलन येतं, पण फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं अ‍ॅप. ते बसवलं की बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात, आणि तुमच्या नंबरवरून तीच फाईल पुढच्या ग्रुपमध्ये. अ‍ॅडमिनने फाईल पुसायची, तो नंबर तात्पुरता ग्रुपबाहेर काढायचा (काढू नये असं मी वर म्हटलं, त्याला हा एकच अपवाद) आणि त्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे तर साधा फोन करायचा: इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता राहते.

एवढं करूनही ग्रुप कडवटच राहिला तर

मग बिघाड फोनमध्ये नाही. लोक एकमेकांना ओळखत नाहीत. ‘सी-५०२’ याच नावाने माहीत असलेल्या माणसाशी भांडणं सोपं असतं. भिवंडीत १९८०च्या दशकाच्या शेवटी पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतली माणसं दंगल नसताना, शांततेच्या काळात नियमित एकत्र बसवली. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मोबाईल तेव्हा कुणाकडेच नव्हता. सोसायटीतलं पार्किंगचं भांडण त्या मानाने किती लहान! विंगपुरता चहा ठेवा, पंधरा-वीस घरांचा, अजेंडा नसलेला. गणपतीची आरती, भोंडला, कोजागरी हे चालूच असतं, पण तिथे नेहमीचीच माणसं येतात. चहाचं निमंत्रण ग्रुपवर टाकू नका, दारावर जाऊन द्या. नवीन भाडेकरूंकडे आधी जा.

बदलत्या समितीचं काय

व्यवस्थित बसलेली घडी मोडते ती इथे. समितीची मुदत पाच वर्षांची. जुने सेक्रेटरी फ्लॅट विकून बाणेरला जातात, ग्रुप त्यांनीच काढलेला असतो आणि अ‍ॅडमिनही ते एकटेच. एक दिवस ते ग्रुप सोडतात आणि अ‍ॅपच कुणातरी भलत्यालाच अ‍ॅडमिन करून मोकळं होतं. त्या दिवशी ‘फक्त अ‍ॅडमिन’ची सोय एका कॉलेजकुमाराच्या हातात असते.

म्हणून सूचनांच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन कायम तीन ठेवा: सेक्रेटरी, खजिनदार आणि सोसायटीच्या स्वतःच्या सिमचा फोन. समिती बदलताना शिक्का, चेकबुक आणि दप्तर सोपवण्याच्या यादीत एक ओळ वाढवा: सोसायटीचा फोन, त्याचा पिन, ग्रुपचे अ‍ॅडमिन बदलले, तारीख, दोघांच्या सह्या. त्या सिमचं रिचार्ज कोण करतं तेही त्याच कागदावर लिहून ठेवा. बरेच दिवस रिचार्ज झालं नाही तर नंबर बंद होऊन दुसऱ्याच कुणाला दिला जातो.